लागवडीचे वन आणि आकड्यांची तुलना : भारत व चीन यांच्या वनविषयक आकडेवारीची चिकित्सा (कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

लागवडीखालील वनक्षेत्राच्या बाबतीत भारत व चीन यांची तुलना वारंवार केली जाते. चीनने अल्पावधीत प्रचंड क्षेत्रावर वृक्ष उभे केले आणि भारत त्या मानाने मागे पडला, असा निष्कर्ष या तुलनेतून काढला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक वन संसाधन मूल्यांकन अहवालांतील आकडे एकत्र ठेवून पाहिले असता, अहवालागणिक बदललेल्या व्याख्यांमुळे ही तुलना काळाच्या ओघात टिकत नाही, असे दिसून येते. इतकेच नव्हे, तर भारताच्या आकडेवारीत नैसर्गिक वनाचे क्षेत्र वीस वर्षे तसूभरही न बदललेले दाखविलेले आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतींची चिकित्सा केली असून, कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील रोपवने, सडे व खाजगी बागायती यांच्या संदर्भात तिचा अर्थ तपासला आहे.

बीजसंज्ञा : लागवडीचे वन, रोपवन, वनाच्छादन, नैसर्गिक वन, सडा, सामाजिक वनीकरण.

१. प्रास्ताविक

वनक्षेत्र हा पर्यावरणविषयक चर्चेतील सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा आहे. देशाच्या एकूण भूमीपैकी एकतृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी, हे उद्दिष्ट १९५२ व १९८८ या दोन्ही राष्ट्रीय वननीतींमध्ये आढळते. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौ. कि.मी., म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के आहे. हे अंतर भरून काढण्याचा मार्ग म्हणून वृक्षलागवडीकडे पाहिले जाते आणि त्यासाठी चीनचा दाखला दिला जातो.

दोन देशांची अशी तुलना अभ्यासाच्या दृष्टीने गैर नाही. दोन्ही देश प्राचीन कृषिसंस्कृतीचे आणि प्रचंड लोकसंख्येचे आहेत. दोन्ही देशांत नैसर्गिक वनांवरील तोडीला आळा घालण्याचे निर्णयही जवळजवळ एकाच वेळी झाले. भारतात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात महत्त्वपूर्ण आदेश दिला. चीनमध्ये १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक वन संरक्षण कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यामुळे त्यानंतरच्या काळात दोन्ही देशांनी किती वने लावली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि, ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘काय मोजले’ हे पाहणे आवश्यक ठरते. नेमका हाच प्रश्न या तुलनेत बहुधा विचारला जात नाही.

२. व्याख्यांचा प्रश्न

अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येप्रमाणे किमान अर्धा हेक्टर क्षेत्र, पाच मीटर उंची गाठू शकणारी झाडे आणि किमान १० टक्के वृक्षछत्र असलेली भूमी म्हणजे वन होय. शेतीच्या व्यवस्थेतील फळबागा तीत धरल्या जात नाहीत. रबराची लागवड मात्र धरली जाते. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या याहून वेगळी आहे. एक हेक्टर वा त्याहून मोठ्या ज्या भूमीवर १० टक्के वा अधिक वृक्षछत्र आहे, ती सर्व भूमी वनाच्छादनात गणली जाते. ती कोणाच्या मालकीची आहे, तिचा कायदेशीर दर्जा काय आहे आणि तिच्यावर कोणती झाडे आहेत, हे त्यात पाहिले जात नाही. परिणामी आंब्याची बाग, काजूची बाग, बांबूचे बेट व सदाहरित अरण्य ही सर्व एकाच रकान्यात येतात.

चीनची व्याख्या तिसरीच आहे. तेथे वृक्षछत्राची किमान मर्यादा पूर्वी ३० टक्के होती. ती १९९४ मध्ये २० टक्क्यांवर आणण्यात आली. १९९४ ते १९९८ या काळातील पाचव्या राष्ट्रीय वनगणनेपासून ही नवी मर्यादा लागू झाली. म्हणजेच चीनच्या वनवाढीतील काही भाग हा झाडांच्या वाढीचा नसून मोजपट्टी बदलल्याचा आहे.

‘लागवडीचे वन’ या संज्ञेच्या बाबतीत तर आंतरराष्ट्रीय व्याख्याच स्थिर राहिलेली नाही. २००० च्या जागतिक अहवालात ‘रोपवन’ हा वर्ग होता. २००५ च्या अहवालात रोपवनाची व्याख्या संकुचित करण्यात आली आणि लावलेल्या पण काहीशा नैसर्गिक स्वरूपाच्या वनांचा वेगळा वर्ग मानण्यात आला. २०१० च्या अहवालात ‘लागवडीचे वन’ हा व्यापक वर्ग स्वीकारण्यात आला. २०२० च्या अहवालात या व्यापक वर्गाचे पुन्हा दोन पोटविभाग पडले : एकदोन जातींचे, समवयस्क, ठरावीक अंतरावर लावलेले व सघन व्यवस्थापनाखालील ‘रोपवन’ आणि उर्वरित लागवडीचे वन. प्रत्येक बदलामागे तज्ज्ञांची कारणे होती. परंतु आकडे उद्धृत करणाऱ्यांनी हे बदल सोबत नेले नाहीत.

३. एकाच वर्षाचे दोन आकडे

व्याख्यांतील बदलाचा परिणाम किती खोल आहे, हे पुढील कोष्टकावरून स्पष्ट होईल.

कोष्टक क्र. १ : लागवडीचे वन (लाख हेक्टर)

| कोणत्या वर्षाचा आकडा | कोणत्या अहवालातून | भारत | चीन | चीन : भारत |
|---|---|---|---|---|
| १९९० | २०१० चा अहवाल | ५७.१६ | ४१९.५० | ७.३ पट |
| २००० | २००० चा अहवाल | ३२५.७८ | ४५०.८३ | १.४ पट |
| २००० | २०१० चा अहवाल | ७१.६७ | ५४३.९४ | ७.६ पट |
| २००५ | २००५ चा अहवाल | ३२.२६ | ३१३.६९ | ९.७ पट |
| २००५ | २०१० चा अहवाल | ९४.८६ | ६७२.१९ | ७.१ पट |
| २०१० | २०१० चा अहवाल | १०२.११ | ७७१.५७ | ७.६ पट |
| २०२० | २०२० चा अहवाल | १३२.६९ | ८४६.९६ | ६.४ पट |

या कोष्टकातील दुसरी व तिसरी ओळ विशेष लक्षणीय आहे. दोन्ही ओळी २००० याच वर्षाच्या आहेत आणि दोन्ही आकडे एकाच संघटनेने प्रसिद्ध केलेले आहेत. पहिल्या अहवालाप्रमाणे भारताचे लागवडीचे वन ३२५ लाख हेक्टरांहून अधिक होते आणि ते देशाच्या एकूण वनक्षेत्राच्या निम्म्याहून जास्त भरत होते. दहा वर्षांनंतरच्या अहवालाप्रमाणे तेच क्षेत्र, त्याच वर्षी, ७१ लाख हेक्टरांच्या आसपास होते. यांपैकी पहिला आकडा मानला तर चीन भारताच्या दीडपटीहूनही कमी पुढे होता. दुसरा मानला तर साडेसात पटींनी. या दोन अहवालांच्या दरम्यान अडीच कोटी हेक्टर रोपवन भारतातून नाहीसे झाले, असे अर्थातच नव्हे. पहिल्या आकड्यात वर्षानुवर्षांच्या लागवडीची एकत्र बेरीज होती. जगले किती, तोडले किती, पुन्हा त्याच जागी लावले किती, याचा हिशेब तीत पुरेसा नव्हता. भारतात वाटलेल्या रोपांच्या संख्येला ठरावीक घनतेने भागून क्षेत्र काढण्याची रीत रूढ होती. त्या रीतीने काढलेला हेक्टर कागदावर असतो. जमिनीवर तो असेलच असे नाही.

आता केवळ २०१० च्या अहवालातील मालिका घेऊ. १९९० ते २०१० या वीस वर्षांत भारताचे लागवडीचे वन ५७.१६ वरून १०२.११ लाख हेक्टरांवर गेले, म्हणजे ७९ टक्के वाढले. चीनचे ४१९.५० वरून ७७१.५७ वर गेले, म्हणजे ८४ टक्के वाढले. दोन्ही देशांच्या वाढीचा वेग जवळपास सारखाच आहे. चीनने झेप घेतली व भारत रेंगाळला, हा प्रचलित निष्कर्ष या मालिकेतून निघत नाही. फरक आहे तो आरंभबिंदूचा व भूमीच्या विस्ताराचा. चीनचे भौगोलिक क्षेत्र भारताच्या सुमारे तिप्पट आहे, हे लक्षात घेतल्यास ७.६ पटींचे अंतर दर हेक्टरी अडीच पटींवर येते. अंतर उरते, परंतु त्याचे स्वरूप बदलते.

४. न हललेले नैसर्गिक वन

२०१० च्या अहवालात याहूनही महत्त्वाची एक बाब आहे. तीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. या अहवालानुसार भारताचे एकूण वनक्षेत्र १९९० मध्ये ६३९.३९ लाख हेक्टर, २००० मध्ये ६५३.९०, २००५ मध्ये ६७७.०९ आणि २०१० मध्ये ६८४.३४ लाख हेक्टर होते. यातून त्या त्या वर्षाचे लागवडीचे वन वजा केले असता प्रत्येक वेळी उरणारी संख्या एकच येते : ५८२.२३ लाख हेक्टर. चारही वर्षी तीच.

याचा अर्थ असा की, वीस वर्षांत भारताच्या वनक्षेत्रात जी ४४.९५ लाख हेक्टरांची वाढ दाखविली गेली, ती संपूर्णपणे लागवडीच्या नावे जमा झाली आणि नैसर्गिक वन एक हजार हेक्टरांनीही घटले वा वाढले नाही. या काळात देशात धरणे झाली, खाणी वाढल्या, रस्ते रुंदावले, ईशान्येत फिरती शेती चालू राहिली. दुसरीकडे संयुक्त वन व्यवस्थापनातून काही वने पुन्हा भरलीही. एवढ्या घडामोडींमध्ये नैसर्गिक वनाचा आकडा जागचा न हलणे संभवत नाही. तो मोजलेला आकडा नसून गृहीत धरलेला आकडा आहे, असेच अनुमान निघते. आणि नैसर्गिक वन गृहीत असेल, तर त्याच्याशी बांधलेला लागवडीचा आकडाही तितकाच गृहीत ठरतो.

या स्थितीचे मूळ मोजणीच्या साधनात आहे. उपग्रहाच्या प्रतिमेवरून वृक्षछत्राची घनता कळते. ते झाड कोणी लावले की आपोआप उगवले, हे कळत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचे द्वैवार्षिक अहवाल घनतेनुसार अति घन, मध्यम घन व विरळ असे वर्ग करतात, उगमानुसार नाही. म्हणून एखाद्या खोऱ्यातील शंभर हेक्टर नैसर्गिक वन नष्ट झाले आणि दुसऱ्या तालुक्यात शंभर हेक्टर निलगिरी वाढली, तर अहवालात ‘बदल नाही’ अशी नोंद होते. राष्ट्रीय पातळीवर जी वाढ दिसते, तिच्या पोटात किती हानी दडली आहे, हे अशा मोजणीतून कधीच उघड होत नाही.

५. चीनचा अनुभव

चीनची यशोगाथा म्हणून ज्या कार्यक्रमांचा उल्लेख होतो, त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. पहिला १९७८ मध्ये सुरू झालेला उत्तर सीमेवरील संरक्षक वृक्षपट्ट्याचा कार्यक्रम. तो २०५० पर्यंत चालावयाचा आहे. दुसरा १९९९ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम. त्यात उताराच्या जमिनीवरील शेती सोडून तेथे झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य व रोख रक्कम देण्यात आली. २०१४ ते २०१८ या काळातील नवव्या राष्ट्रीय वनगणनेत चीनचे वनाच्छादन २२.९६ टक्के नोंदविले गेले. १९९४ ते १९९८ च्या पाचव्या गणनेत ते १६.५५ टक्के होते. ही वाढ खोटी आहे, असे म्हणण्यास आधार नाही. २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१७ या काळातील उपग्रह-नोंदी तपासून, जगातील हिरवाईच्या वाढीत चीन व भारत हे दोन देश आघाडीवर असल्याचे दाखविले आहे.

त्याच अभ्यासातील तपशील मात्र अधिक बोलका आहे. चीनमधील हिरवाईच्या वाढीत वनांचा वाटा ४२ टक्के व शेतीचा ३२ टक्के होता. भारतात शेतीचा वाटा ८२ टक्के आणि वनांचा केवळ ४.४ टक्के होता. भारत ‘हिरवा’ झाला तो मुख्यतः सिंचनामुळे व वर्षातून अधिक पिके घेतल्यामुळे. पंचगंगेच्या खोऱ्यात उसाच्या फडांनी व्यापलेला प्रदेश पाहणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही.

चीनमधील वनांच्या बाबतीतही सर्वच काही आलबेल नाही. उत्तरेकडील निंगश्या प्रांतात एकाच जातीच्या पॉप्लर वृक्षांचे पट्टे खोडकिड्याने पोखरले आणि लक्षावधी झाडे तोडावी लागली. नैर्ऋत्येकडील सिच्वान प्रांताच्या एका भागाचा २००० ते २०१५ या काळाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वृक्षाच्छादन वाढले, पण ती वाढ शेतजमिनींवरील रोपवनांची होती. मूळ वन ६.६ टक्क्यांनी घटले होते, असे आढळले. ज्या कार्यक्रमाने शेतीच्या जागी झाडे आणली, त्याच्याच छायेत मूळ वनाच्या जागीही रोपवने आली. एकूण क्षेत्राच्या आकड्यावर समाधान मानले असते, तर ही हानी नजरेआड राहिली असती.

६. कोल्हापूर जिल्ह्याचे वास्तव

राष्ट्रीय आकड्यांतील हा दोष जिल्ह्याच्या पातळीवर कसा दिसतो, याचा विचार कोल्हापूरच्या संदर्भात करणे उपयुक्त आहे. जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड हे तालुके, सह्याद्रीच्या रांगेत येतो. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील राखीव शिकारक्षेत्रातून पुढे आलेले दाजीपूर येथील अभयारण्य १९५८ मध्ये जाहीर झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१.१६ चौ. कि.मी. क्षेत्राचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. अंजन, जांभूळ, पिसा, ऐन, किंजळ, हिरडा अशा वृक्षांचे हे निमसदाहरित व पानझडी वन गव्यांच्या अधिवासासाठी ख्यात आहे.

याच प्रदेशात आणखी तीन प्रकारची वृक्षाच्छादित भूमी आढळते. पहिला प्रकार ऑस्ट्रेलियन बाभळीच्या, म्हणजे अकेशियाच्या रोपवनांचा. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि त्यानंतरच्या काळात ही झाडे घाटमाथ्यावर व कोकणात मोठ्या प्रमाणावर लावली गेली. निवडीमागे व्यावहारिक कारणे होती. हे झाड निकस जमिनीत वेगाने वाढते, नत्र स्थिर करते, जळण देते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हा शेवटचा गुण रोपे जगविण्याच्या दृष्टीने सोयीचा ठरला. गुरांच्या व गव्यांच्या दृष्टीने तोच दोष ठरतो. चाऱ्याच्या दृष्टीने अशा रोपवनाची किंमत नगण्य आहे. त्याच्या तळाशी न कुजणाऱ्या पानांचा थर साचतो व स्थानिक झाडोरा फारसा उगवत नाही.

दुसरा प्रकार खाजगी बागायतींचा. आजरा व चंदगड तालुक्यांत काजूच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात रबराची लागवड पसरली आहे. डोंगरउतारावरील मिश्र झाडी काढून तेथे काजू लावला, तरी वनाच्छादनाच्या अहवालात तो उतार वनाच्छादितच राहतो. शेतकऱ्याला काजूतून उत्पन्न मिळते आणि ते मिळावेच. प्रश्न त्या उताराला वन म्हणण्याचा आहे.

तिसरा प्रकार उसाशी संबंधित आहे. भारतीय वन सर्वेक्षणाने आपल्या अहवालांत मोजणीच्या मर्यादा प्रामाणिकपणे नमूद केल्या आहेत. ऊस व कापूस यांसारखी पिके, तसेच घाणेरीची झुडपे यांचे परावर्तन वृक्षछत्रासारखे असल्याने ती वेगळी ओळखण्यात अडचण येते, असे त्यांत म्हटले आहे. उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात ही मर्यादा किरकोळ मानता येत नाही.

या तिन्हींच्या उलट स्थिती सड्यांची आहे. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार व घाटमाथ्यावरील जांभ्या खडकाचे अन्य सडे हे स्वभावतःच वृक्षहीन आहेत. पावसाळ्यात तेथे सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांसारख्या वनस्पती फुलतात. काही दुर्मिळ जातींचे अस्तित्व अशाच पठारांवर अवलंबून आहे. प्रा. एस. आर. यादव व प्रा. एम. एम. सरदेसाई यांच्या २००२ मधील कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतिसूचीवरून या भागाच्या वानसवैभवाची कल्पना येते. परंतु वृक्षछत्राच्या मोजपट्टीवर सडा म्हणजे शून्य. महसुली भाषेत तो पडीक, लागवडीच्या नियोजनात तो ‘उपलब्ध क्षेत्र’ आणि खाणउद्योगाच्या दृष्टीने तो बॉक्साइटचा साठा. तेथे खड्डे खणून अकेशिया लावला, तर लागवडीच्या क्षेत्रात भर पडते, वनाच्छादनात भर पडते आणि हजारो वर्षांत घडलेली एक परिसंस्था कोणत्याही रकान्यात घट न दाखविता संपते. १९८० च्या वन संवर्धन कायद्यान्वये वनजमीन अन्य कामासाठी दिल्यास करावयाच्या पर्यायी वनीकरणातही हीच अडचण आहे. तोडलेले वन व लावलेली रोपे यांचे हेक्टर समान धरले जातात. त्यांतील जीवसृष्टी समान नसते.

७. रोपांची संख्या आणि जगलेली झाडे

महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीचा संकल्प राबविला. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी व २०१९ मध्ये ३३ कोटी अशी उद्दिष्टे होती. पहिल्या तीन वर्षांत अनुक्रमे २.८२, ५.४३ व १५.८८ कोटी, म्हणजे एकूण २४.१३ कोटी रोपे लावल्याचे जाहीर करण्यात आले. दोन मीटर अंतराने लागवड धरल्यास हेक्टरी २,५०० रोपे बसतात. त्या हिशेबाने हे क्षेत्र सुमारे ९६,५०० हेक्टर, म्हणजे ९६५ चौ. कि.मी. होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार राज्याचे वनाच्छादन २०१७ मध्ये ५०,६८२, २०१९ मध्ये ५०,७७८ व २०२१ मध्ये ५०,७९८ चौ. कि.मी. होते. चार वर्षांतील वाढ ११६ चौ. कि.मी. भरते.

या दोन संख्यांची थेट वजाबाकी करून योजना फसली असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. कोवळी रोपे उपग्रहाला दिसत नाहीत. अनेक रोपे रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या आवारात व बांधांवर लावली गेली आणि ती एक हेक्टरच्या मोजणीत येत नाहीत. परंतु हेच कारण उलट दिशेनेही लागू पडते. जी रोपे कोणत्याही स्वतंत्र मोजणीत येत नाहीत, त्यांच्या संख्येवरून वन वाढल्याचा दावाही करता येत नाही.

या प्रक्रियेत शैक्षणिक संस्थाही सहभागी आहेत, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, हरित परिसराचे मूल्यमापन, वार्षिक अहवाल यांत लावलेल्या रोपांची संख्या आवर्जून दिली जाते. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांपैकी किती उरली, ही नोंद क्वचितच आढळते. पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना शिकविला जातो. तो शिकविणाऱ्या संस्थेनेच जर रोप व झाड यांतील भेद आपल्या नोंदीत पाळला नाही, तर राज्याच्या वा जगाच्या अहवालाकडून तशी अपेक्षा कशी करावी?

८. जमीन कोणाची?

भारत-चीन तुलनेत आणखी एक अंग दुर्लक्षित राहते. चीनने शेतजमीन लागवडीखाली आणताना शेतकऱ्याला मोबदला दिला. २००३ पासून फुजियान व अन्य प्रांतांत आणि २००८ पासून देशभर सामूहिक वनांचे वापरहक्क कुटुंबांकडे सोपविण्याची सुधारणाही झाली. त्या व्यवस्थेत सक्ती व विषमता नव्हती असे नाही. तरी लावलेल्या झाडाशी कोणाचे तरी हित जोडलेले होते. भारतात ब्लॉक लागवड बहुतांशी गायरान, पडीक व अवनत वनजमिनीवर झाली. ही जमीन कागदोपत्री पडीक असली, तरी प्रत्यक्षात ती गावाच्या गुरांची, धनगरांच्या मेंढरांची व सरपण गोळा करणाऱ्या स्त्रियांची होती. रोपवनाभोवती चर पडला की चराई बंद होते. ज्यांची चराई बंद झाली, त्यांच्याकडूनच रोपांच्या राखणीची अपेक्षा ठेवली जाते.

हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यातील अनेक दशकांच्या लागवडीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या लागवडीमुळे घन वृक्षछत्रात लक्षणीय वाढ झाली नाही आणि चारा व सरपण यांसाठी उपयुक्त अशा जातींकडून इतर जातींकडे वनाचे स्वरूप झुकले, असा त्याचा निष्कर्ष आहे. याउलट, २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीवर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आणि २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला तो मिळाला. तेथे प्रश्न हेक्टर वाढविण्याचा नव्हता, तर असलेले वन कोणी राखावे याचा होता. सह्याद्रीतील देवराया याच न्यायाने टिकल्या. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे महत्त्व विज्ञानाच्या भाषेत प्रथम स्पष्ट झाले. कोणत्याही जागतिक कोष्टकात देवराईला रकाना नाही. असलाच तर तो इतर वनांच्या बेरजेत हरवलेला आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) निरनिराळ्या वर्षांच्या जागतिक अहवालांतील आकडे एका ओळीत मांडून भारत व चीन यांच्या लागवडीच्या वनाची कालानुक्रमे तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे. एका अहवालातील मालिका घेतल्यास १९९० ते २०१० या काळात दोन्ही देशांच्या वाढीचा वेग जवळपास समान दिसतो.

(२) भारताच्या बाबतीत २०१० च्या अहवालातील नैसर्गिक वन वीस वर्षे अचल दाखविले आहे. त्यामुळे लागवडीचा आकडा हा स्वतंत्र मोजणीचे फलित मानता येत नाही.

(३) रोपवन निरुपयोगी नाही. त्यातून सरपण, लाकूड व उत्पन्न मिळते, नैसर्गिक वनावरील भारही काही प्रमाणात हलका होऊ शकतो. परंतु ते नैसर्गिक वनाच्या वा सड्याच्या हानीची भरपाई नव्हे. दोन्हींची बेरीज एका रकान्यात करणे हे त्या हानीवर पांघरूण घालणे आहे.

(४) जिल्हा पातळीवर चार गोष्टींची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक आहे : लागवडीपूर्वी त्या जागी काय होते, कोणत्या जाती लावल्या, पाच वर्षांनी किती जगल्या आणि त्या जमिनीचा पूर्वीचा वापर कोणाचा होता. यांसाठी उपग्रहाची गरज नाही. वन विभागाच्या रोपवन नोंदवह्या, ग्रामपंचायतींचे दप्तर व महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र विभाग एकत्र आले तरी बरेच काम होण्यासारखे आहे.

चीनने किती लावले, यापेक्षा राधानगरीच्या व चंदगडच्या डोंगरांवर काय उभे आहे आणि त्यापूर्वी काय उभे होते, हे सांगता येणे अधिक निकडीचे आहे. ते सांगता येत नाही तोवर जागतिक कोष्टकातील भारताचे स्थान वर गेले काय आणि खाली आले काय, त्यावरून वनाविषयी काहीच निश्चित कळत नाही.